बिलाचा तास : अमेरिकेतील मोठ्या वकिली पेढ्यांमधील कालमापन व कार्यसंस्कृती (१९१४ ते २०२४)

प्रस्तावना

अमेरिकेतील मोठ्या वकिली पेढीत काम करणाऱ्या वकिलाला अशिलाच्या कामाबरोबरच त्या कामाला लागलेल्या वेळेचा हिशेबही रोज ठेवावा लागतो. तासाचे दहा भाग पाडून सहा मिनिटांचा एक अंश धरला जातो. दूरध्वनीवरील संभाषण, मसुद्याचे वाचन, सहकाऱ्याशी केलेला विचारविनिमय यांपैकी प्रत्येक काम कोणत्या अशिलासाठी केले व त्याला किती अंश लागले, हे टाइमशीटवर नोंदवावे लागते. यातला जो वेळ अशिलाच्या बिलात मांडता येतो तो 'बिलाचा तास'. नव्या निवाड्यांचे वाचन, कनिष्ठांना शिकविणे, पेढीच्या बैठका, जेवण, प्रवास यांत गेलेला बाकीचा वेळ कामाचा असला तरी बहुधा बिलाचा नसतो. वर्षाला २००० बिलाच्या तासांची अपेक्षा म्हणजे असे २०,००० अंश होत.

ही पद्धत वकिली व्यवसायाइतकीच जुनी असावी, असा सर्वसाधारण समज आहे. अमेरिकेतील अनेक वकिलांच्या कचेऱ्यांत अब्राहम लिंकनच्या नावाची एक पाटी लावलेली असे. वकिलाचा वेळ आणि सल्ला हेच त्याचे भांडवल, अशा आशयाचे वाक्य तिच्यावर असे. लिंकनच्या लेखनात मात्र त्या वाक्याला आधार सापडत नाही. ज्या पद्धतीला पूर्वज नव्हता तिला तो मिळवून देण्याचा हा प्रयत्न इतिहासाच्या अभ्यासकाला पुष्कळ काही सांगून जातो.

प्रस्तुत लेखात या पद्धतीच्या तीन अवस्था वेगळ्या करून दाखविण्याचा प्रयत्न केला आहे. प्रारंभी तास हे पेढीच्या अंतर्गत हिशेबाचे साधन होते. पुढे तो अशिलाने मोजावयाची किंमत बनला. शेवटी तोच वकिलाच्या कर्तबगारीचे माप ठरला. या तिन्ही अवस्थांची कारणे भिन्न आहेत. ती एकत्र केल्यामुळे या विषयावरील लेखनात बराच गोंधळ झालेला दिसतो.

तासापूर्वीचे शुल्क

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेतील अनेक राज्यांत वकिलाचे शुल्क कायद्याने ठरलेले असे. न्यूयॉर्कच्या १८४८ च्या फील्ड संहितेने अशील व वकील यांना आपसांतील कराराने शुल्क ठरविण्याची मोकळीक दिली. तेव्हापासून विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मोठ्या पेढ्यांचे बिल बहुधा एका ओळीचे असे. 'व्यावसायिक सेवेबद्दल' एवढा मजकूर आणि त्यापुढे एक रक्कम. ती रक्कम ठरविताना ज्येष्ठ भागीदार प्रकरणाचे महत्त्व, मिळालेले यश, अशिलाची ऐपत आणि जुने संबंध हे सारे विचारात घेई. अमेरिकन बार असोसिएशनने १९०८ साली स्वीकारलेल्या आचारनियमांपैकी बाराव्या नियमात शुल्काचे घटक दिले आहेत. त्यांत वेळ व श्रम यांचा उल्लेख आहे. परंतु प्रश्नाची अवघडता, वादातील रक्कम, त्या भागातील रूढ शुल्क या अनेक घटकांपैकी तो एक आहे. वकिली हे न्यायदानाचे अंग असून निव्वळ पैसे मिळविण्याचा धंदा नव्हे, हेही त्याच नियमात बजावलेले आहे.

इंग्लंडमध्ये सॉलिसिटरचे बिल तपशीलवार असे, पण तेथेही एकक वेळेचे नव्हते. पत्र, भेट, मसुदा, प्रत अशा एकेका कृतीला ठरीव रक्कम असे. सहा शिलिंग आठ पेन्स ही त्यांतली सुप्रसिद्ध. मुंबई उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेने हीच परंपरा उचलली. अॅटर्नीचे बिल टॅक्सिंग मास्टरपुढे जाई आणि कलमे तपासून त्यांत काटछाट होई. बॅरिस्टरांचे शुल्क तर सोन्याच्या मोहरांत सांगण्याची रीत होती. तात्पर्य, व्यावसायिक सेवेचे मोल करण्याचे अनेक मार्ग उपलब्ध होते, आणि घड्याळ हा त्यांतला सर्वांत उशिरा आलेला मार्ग होय.

रेजिनल्ड हेबर स्मिथ

या घड्याळाचा उगम शोधू गेल्यास तो गरिबांसाठी चालविलेल्या एका कार्यालयात सापडतो. रेजिनल्ड हेबर स्मिथ (१८८९–१९६६) या हार्वर्डमध्ये शिकलेल्या तरुण वकिलाने १९१४ साली बोस्टनच्या विधिसाहाय्य संस्थेची सूत्रे हाती घेतली. प्रकरणे अफाट आणि पैसा तुटपुंजा, अशी तिची स्थिती होती. एका प्रकरणाला नेमका किती खर्च येतो हे कोणालाच सांगता येत नव्हते. स्मिथने हार्वर्डच्या व्यवसाय प्रशासन विद्यालयातील जाणकाराच्या साहाय्याने परिव्ययाची पद्धत बसविली आणि वेळेची दैनंदिन नोंद सुरू केली. उद्देश हा की, आहे त्या पैशात अधिक गरिबांची प्रकरणे हाताळता यावीत. कार्नेगी प्रतिष्ठानच्या वतीने १९१९ साली प्रसिद्ध झालेला त्याचा 'जस्टिस अँड द पुअर' हा ग्रंथ अमेरिकेतील विधिसाहाय्य चळवळीचा पाया मानला जातो.

त्याच वर्षी स्मिथ बोस्टनच्या 'हेल अँड डॉर' या पेढीत आला आणि पुढे १९५६ पर्यंत तिचा कारभार त्याने पाहिला. येथेही त्याने टाइमशीट आणले व तासाचे दशांश पाडले. १९४० साली बार असोसिएशनच्या नियतकालिकात त्याची वकिली कार्यालयाच्या संघटनेवरील लेखमाला आली. तिची पुस्तिका पुढे पुन:पुन्हा छापली गेली. वकील सेवा देतो ती ज्ञानाची व कौशल्याची, पण विकतो तो वेळ, अशा आशयाचे विधान तीत आहे.

या विधानावरून स्मिथला बिलाच्या तासाचा जनक ठरवून पुढील सर्व अनिष्टांचे खापर त्याच्या माथी फोडण्याची प्रथा पडली आहे. ते न्याय्य नाही. स्मिथच्या पद्धतीत टाइमशीट हे अशिलाला दाखविण्याचे कागद नव्हते. कोणत्या प्रकारचे काम पेढीला परवडते, कोणते तोट्यात जाते, भागीदारांमध्ये नफा वाटण्यास आधार काय, हे कळण्यासाठी ते होते. अशिलाचे शुल्क त्यानंतरही विवेकाने ठरवावे, हे त्याला अभिप्रेत होते. किराणा दुकानदार खरेदीची वही ठेवतो, पण ती गिऱ्हाइकापुढे उघडून तिच्यावरून भाव सांगत नाही. तसाच हा प्रकार होता.

वही गिऱ्हाइकापुढे येते

अंतर्गत नोंद बाहेर येऊन किंमत बनली ती साधारणत: १९५० ते १९७५ या पंचवीस वर्षांत. त्यामागे एकाहून अधिक प्रवाह होते. १९३८ च्या संघीय दिवाणी प्रक्रिया नियमांनी प्रतिपक्षाकडील कागदपत्रे व साक्षी खटल्यापूर्वीच मागविण्याची व्यापक मुभा दिली. परिणामी एखाद्या दाव्यात किती काम निघेल याचा अंदाज आधी बांधणे अवघड झाले आणि ठोक रक्कम ठरविणे जोखमीचे झाले. दुसरा प्रवाह वकिलांच्या उत्पन्नासंबंधीच्या अस्वस्थतेचा होता. १९५८ साली बार असोसिएशनच्या समितीने 'द १९५८ लॉयर अँड हिज १९३८ डॉलर' ही पुस्तिका काढली. डॉक्टर व दंतवैद्य यांच्या तुलनेत वकील मागे पडले आहेत आणि वेळेची काटेकोर नोंद ठेवणारे वकील अधिक मिळवतात, असे तिचे सांगणे होते. त्या सुमाराच्या बार असोसिएशनच्या साहित्यात वर्षाला सुमारे १३०० तासच शुल्क मिळवून देणारे असतात, असा हिशेब मांडलेला आढळतो. हा आकडा लक्षात ठेवण्याजोगा आहे. तिसरा प्रवाह अशिलांकडून आला. मोठ्या कंपन्यांनी स्वत:चे विधिविभाग उभारले; त्या विभागातील अधिकाऱ्यांना वरिष्ठांपुढे ठेवण्यास एका ओळीच्या बिलापेक्षा तासांचा तक्ता सोयीचा वाटला. तपशील म्हणजे पारदर्शकता, ही समजूत त्या काळी दोन्ही बाजूंना मान्य होती.

छोट्या कामांत मात्र स्थानिक वकील संघटनांनी ठरविलेले किमान दरपत्रक चालू होते. ते संपविणारा खटला एका साध्या घरखरेदीतून उभा राहिला. लुईस आणि रूथ गोल्डफार्ब या दांपत्याने १९७१ साली व्हर्जिनिया राज्याच्या फेअरफॅक्स परगण्यात घर घेण्याचे ठरविले. कर्जासाठी मालकीहक्काचा शोध घेणे आवश्यक होते आणि ते काम त्या राज्याच्या वकील मंडळाच्या सदस्याखेरीज कोणास करता येत नव्हते. पहिल्या वकिलाने दरपत्रकाप्रमाणे घराच्या किमतीच्या एक टक्का रक्कम सांगितली. गोल्डफार्ब यांनी आणखी ३६ वकिलांना पत्रे लिहिली. १९ जणांची उत्तरे आली. त्यांपैकी एकानेही कमी दर सांगितला नाही. १६ जून १९७५ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ८ विरुद्ध ० मतांनी निर्णय दिला की, असे सक्तीचे किमान दरपत्रक म्हणजे शर्मन कायद्याने निषिद्ध ठरविलेली किंमतनिश्चिती होय आणि 'विद्वत्तेचा व्यवसाय' या सबबीखाली वकिलांना त्यातून सूट नाही.

बिलाच्या तासाचा जन्म या निकालातून झाला, असे पुष्कळदा लिहिले जाते. कालक्रम पाहता ते टिकत नाही. मोठ्या पेढ्यांत तासाने बिल करण्याचा प्रघात साठीच्या दशकातच रुळला होता आणि कंपन्यांच्या कामांना फेअरफॅक्सचे दरपत्रक कधीच लागू नव्हते. निकालाने एवढेच केले की, तासाला असलेला एक प्रस्थापित पर्याय कायद्याबाहेर गेला. ग्राहकाच्या हितासाठी दिलेल्या निकालाने अप्रत्यक्षपणे तासाचे आसन बळकट केले, हा त्यातला विरोधाभास.

मापाकडून उद्दिष्टाकडे

तिसरी अवस्था समजण्यासाठी पेढीची रचना पाहणे आवश्यक आहे. पॉल क्रॅव्हथ याने विसाव्या शतकाच्या आरंभी न्यूयॉर्कमध्ये घालून दिलेल्या पद्धतीनुसार नामांकित विधी महाविद्यालयांतील हुशार पदवीधर सहयोगी म्हणून घेतले जात. काही वर्षांच्या उमेदवारीनंतर त्यांतले थोडे भागीदार होत. उरलेल्यांनी पेढी सोडावी, अशी रीत होती. मूळ पद्धतीत ही उमेदवारी शिक्षणाची होती. तासाचा दर आल्यावर तिचा आर्थिक अर्थ बदलला. सहयोगीचे वेतन ठरलेले. त्याच्या तासांचे बिल वेतन व खर्च भागवून उरते ते भागीदारांचे. म्हणजे प्रत्येक जादा तास सरळ नफ्यात जमा होतो. मार्क गॅलँटर व थॉमस पॅले यांनी १९९१ च्या आपल्या ग्रंथात या रचनेचे सविस्तर विश्लेषण केले आहे. पन्नासच्या दशकाच्या अखेरीस पन्नासहून अधिक वकील असलेल्या पेढ्या सबंध अमेरिकेत ३८ होत्या. १९८५ पर्यंत त्यांची संख्या ५०० च्या वर गेली.

वेतनवाढीच्या चढाओढीने या यंत्राला इंधन पुरविले. १९६८ साली क्रॅव्हथच्या पेढीने नवोदितांचे वार्षिक वेतन सुमारे १०,००० डॉलरवरून १५,००० डॉलरवर नेले आणि इतर पेढ्यांना मागोमाग जावे लागले. २००० च्या सुमारास कॅलिफोर्नियातील एका पेढीने तो आकडा १,२५,००० केला. २००७ मध्ये १,६०,००० झाला. २०२३ च्या अखेरीस २,२५,००० झाला. दर वेळी वाढलेले वेतन भरून काढण्यास दर वाढवावे लागले आणि तासही. १९७९ साली स्टीव्हन ब्रिल याने 'द अमेरिकन लॉयर' हे मासिक सुरू केले आणि १९८५ पासून त्यात मोठ्या पेढ्यांचे प्रतिभागीदार नफ्याचे आकडे क्रमवार छापले जाऊ लागले. तोवर शेजारच्या पेढीत काय मिळते हे भागीदारास नक्की ठाऊक नसे. आता ते छापून येऊ लागले. अधिक मिळेल तेथे जाण्याचा संकोच ओसरला आणि भागीदारी ही जन्माची सोबत राहिली नाही.

१९५८ च्या सुमाराचे १३०० तास ऐंशीच्या दशकात २००० च्या घरात पोहोचले. सरन्यायाधीश विल्यम रेनक्विस्ट यांनी १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या भाषणात अशा पेढ्यांचे वर्णन करताना भंगाराच्या खरेदीची उपमा योजली. शंभर टनांचे पैसे मोजले की शंभर टन वापरून संपवायचेच, तसा सहयोगी वकिलाचा वापर होतो, असा तिचा मथितार्थ होता. न्यायपीठावरील सर्वांत पुराणमतवादी मानल्या जाणाऱ्या व्यक्तीकडून ही टीका यावी, यावरून बदलाची तीव्रता ध्यानात येते.

कचेरीतील जीवन

बिलाचे आठ तास भरण्यास कचेरीत किती तास घालवावे लागतात? येल विधी विद्यालयाच्या मार्गदर्शन विभागाने विद्यार्थ्यांसाठी केलेल्या हिशेबानुसार वर्षाला १८०० बिलाच्या तासांसाठी सुमारे २४०० तास आणि २२०० साठी ३००० हून अधिक तास कामावर असावे लागते. आजारपण, लग्नकार्य, ज्येष्ठ सहकाऱ्याजवळ बसून काम शिकणे हे सारे या दोन आकड्यांमधल्या फटीतून काढावयाचे. पूर्वी भागीदार कनिष्ठाला सोबत घेऊन अशिलाच्या भेटीस जाई आणि तो नुसते ऐकून शिके. अशिलाने 'दुसऱ्या वकिलाचे पैसे का?' असे विचारण्यास आरंभ केल्यावर ही प्रथा आकसली.

प्रामाणिकपणाचा प्रश्न येथेच उद्भवतो. टाइमशीट भरणारा, तपासणारा आणि त्यातून लाभ होणारा एकाच कचेरीत असतो. १९९३ साली बार असोसिएशनच्या नीतिसमितीला ३७९ क्रमांकाच्या मतात सांगावे लागले की, एका अशिलासाठी विमानप्रवास करताना दुसऱ्याचे काम केल्यास तोच तास दोघांच्या नावे लावता येणार नाही. अमेरिकेच्या न्यायखात्यात उच्चपद भूषविलेले वेब्स्टर हबल यांनी आपल्या पूर्वीच्या पेढीत अशिलांना व भागीदारांना खोटी बिले लावल्याचा गुन्हा डिसेंबर १९९४ मध्ये कबूल केला आणि त्यांना कारावास झाला. असे प्रकार थोडे उघडकीस येतात. प्राध्यापक विल्यम रॉस यांच्या 'द ऑनेस्ट अवर' (१९९६) या ग्रंथाचे महत्त्व असे की, उघड लबाडीपेक्षा गरजेहून अधिक काम करीत राहण्याच्या सवयीकडे त्यांनी लक्ष वेधले. दोन तासांचे संशोधन पाच तास केले तर खोटे काहीच लिहावे लागत नाही.

स्त्रियांच्या बाबतीत या व्यवस्थेचा भार वेगळ्या रीतीने पडला. भागीदारीच्या निवडीत लिंगभेद करता येणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८४ च्या हिशॉन खटल्यात स्पष्ट केले. दार उघडले, पण भागीदारीपूर्वीची सात-आठ वर्षे आणि अपत्यजन्माची वर्षे एकच होती. सिंथिया फुक्स एप्स्टाइन आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दाखविले की, कमी तासांची सवलत घेणारी व्यक्ती कामात कितीही सरस असली तरी सहकाऱ्यांच्या लेखी निष्ठेत उणी ठरते. तास हे श्रमाचे माप असण्यापेक्षा निष्ठेचे चिन्ह झाल्याचा याहून स्पष्ट पुरावा नसावा.

याच वर्षी पॅट्रिक शिल्ट्झ यांनी व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या विधी नियतकालिकात प्रदीर्घ लेख लिहिला. स्वत: मोठ्या पेढीत भागीदार राहिलेले आणि पुढे संघीय न्यायाधीश झालेले शिल्ट्झ म्हणतात की, वकिलांना अधिक पैसा गरजेपोटी हवा नसतो, परस्परांतील खेळाचा तो गुणफलक असतो. मानसिक आरोग्यासंबंधी २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या १२,८२५ वकिलांच्या पाहणीत २०.६ टक्क्यांमध्ये मद्यपानाची समस्या आणि २८ टक्क्यांमध्ये नैराश्याची लक्षणे आढळली. ही पाहणी सर्व प्रकारच्या वकिलांची आहे, म्हणून तिचा सारा दोष तासावर टाकणे शास्त्रीय ठरणार नाही. लॉरेन्स क्रिगर व केनन शेल्डन यांचा २०१५ चा अभ्यास अधिक नेमका आहे : बिलाचे तास वाढले की उत्पन्न वाढते आणि समाधान घटते.

मुंबईपर्यंत आलेला तास

परदेशी वकिली पेढ्यांना भारतात कचेरी थाटता येईल काय, हा वाद मुंबई उच्च न्यायालयात लॉयर्स कलेक्टिव्ह या संस्थेच्या याचिकेमुळे गाजला. वकील कायदा, १९६१ खाली नोंदणी असल्याशिवाय न्यायालयाबाहेरील विधिविषयक कामही करता येणार नाही, असा निर्णय डिसेंबर २००९ मध्ये झाला. परदेशी वकिलांच्या नोंदणीचे नियम बार कौन्सिलने २०२३ मध्ये केले. पेढ्या येण्याच्या कितीतरी आधी त्यांचे काम मात्र आले होते. नवोदित सहयोगीच्या तासाचा दर इतका चढला की, लक्षावधी कागद चाळण्याचे काम त्याच्याकडून करवून घेणे अमेरिकन कंपन्यांना नकोसे झाले. २००४ मध्ये स्थापन झालेल्या पॅन्जिया-३ सारख्या कंपन्यांनी ते मुंबईतील विधी पदवीधरांकडे आणले. मग प्रश्न निघाला की, मुंबईत झालेल्या कामाचे अमेरिकेत किती आकारावे? बार असोसिएशनच्या नीतिसमितीने २००८ च्या ४५१ क्रमांकाच्या मतात सांगितले की, ते खर्च म्हणून दाखवावयाचे असल्यास, वेगळा करार नसेल तर, प्रत्यक्ष खर्च व वाजवी व्यवस्थापनखर्च एवढेच घ्यावे.

सुधारणेचे प्रयत्न

बार असोसिएशननेच नेमलेल्या आयोगाचा अहवाल २००२ मध्ये आला. न्यायमूर्ती स्टीफन ब्रेयर यांच्या प्रास्ताविकात वकिलांना मोफत विधिसेवेसाठी वेळच उरत नसल्याची खंत आहे. आयोगाने सुचविलेल्या नमुना आराखड्यात वर्षाचे २३०० तास धरले आहेत : अशिलांच्या बिलाचे १९००, मोफत विधिसेवेचे १००, पेढीच्या कामाचे १००, अशील मिळविण्याचे ७५, प्रशिक्षणाचे ७५ आणि व्यवसायसेवेचे ५०. तासाची मगरमिठी सैल करण्यासाठी बसलेल्या आयोगालाही गरिबांची सेवा तासांच्या कोष्टकातच बसवावी लागली. बोस्टनच्या ज्या कार्यालयात हे कोष्टक प्रथम आखले गेले, तेथे सर्वच काम मोफत विधिसेवेचे होते.

२००८ च्या आर्थिक अरिष्टानंतर अशिलांनी ठोक शुल्क, दरांत सूट, यशानुसार शुल्क अशा मागण्या केल्या. काही मान्य झाल्या. परंतु ठोक शुल्क ठरवितानाही पेढ्या आत तासांचाच हिशेब करीत राहिल्या, म्हणजे स्मिथच्या मूळ पद्धतीकडे एका अर्थाने परतल्या. सहयोगीचे वार्षिक उद्दिष्ट मात्र कायम राहिले.

खरी अडचण कृत्रिम बुद्धिमत्तेने उभी केली आहे. जुलै २०२४ मध्ये नीतिसमितीने ५१२ क्रमांकाचे मत दिले. तासाने बिल करणाऱ्या वकिलाने प्रत्यक्ष लागलेल्या वेळेचेच बिल करावे. यंत्राच्या साहाय्याने वाचलेल्या वेळेचे करू नये, असे त्यात स्पष्ट केले आहे. दिलेले उदाहरण असे : दाव्याच्या कागदाचा मसुदा तयार करविण्यासाठी यंत्राला माहिती पुरविण्यात वकिलाची १५ मिनिटे गेली, तर त्याने १५ मिनिटांचे आणि नंतर तो मसुदा तपासण्यास लागलेल्या वेळेचे बिल करावे. टाइमशीटवर १५ मिनिटांचे अडीच अंश होतात. वार्षिक उद्दिष्टाचे २०,००० अंश त्यातून कसे भरावयाचे, याविषयी त्या मतात काही म्हटलेले नाही; तो विषय समितीपुढे नव्हता.